बॅरोसाची शिराझ एवढी जड का लागते? आणि ती एन्जॉय कशी करायची?

मेलबर्नातला मी

नमस्कार मंडळी, वाइनवाल्यांनी जरा इकडे लक्ष द्या. ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन कलीगने साउथ ऑस्ट्रेलियातल्या बॅरोसा व्हॅलीची शिराझ (रेड वाइन) गिफ्ट दिली, २०२१ ची. फिरकीचं झाकण, मागे लेबलवर १४.५% आणि खाली बारीक अक्षरात ८.६ स्टँडर्ड ड्रिंक्स. मी आत्तापर्यंत मॉर्निंग्टन पेनिन्सुलाच्या पिनो न्वार वगैरे हलक्या रेडच प्यायलोय आणि त्या मला मनापासून आवडतात. ही मात्र ओतली तर काळपट जांभळी, ग्लासच्या मागे बोट धरलं तर बोट दिसेना. वास घेतला तर आधी जॅम, मग व्हॅनिला आणि त्याच्या मागोमाग अल्कोहोलचा भपकारा. पहिला घोट चक्क गोड लागला, मग जीभ कोरडी पडली आणि अर्ध्या ग्लासातच जेवल्यासारखं वाटायला लागलं. बायकोने एक घोट घेऊन विचारलं की ही पोर्ट (ती गोड, कडक पोर्तुगीज वाइन) आहे का.

कलीग मात्र दोन दिवसांनी डोळे मिटून 'हाउ गुड वॉज दॅट' म्हणतोय, आता त्याला काय सांगू. तर प्रश्न असे की ही अशीच असते का, का बाटलीच बिघडलेली होती? यात साखर घालतात का? आणि ज्यांना आवडते त्यांना नेमकं काय आवडतं? स्नॉब उत्तरं नकोत, समजेल असं सांगा प्लीज.

खडूस

बाटली ठेवली कुठे होती? किचनच्या ओट्यावर ना? जानेवारीत मेलबर्नच्या घरात ओट्यावरची रेड २७-२८ डिग्रीला असते. त्या तापमानाला साडेचौदा टक्केवाली कुठलीही वाइन नाकात घुसणारच. ही १६ ते १८ डिग्रीला प्यायची असते. 'रूम टेंपरेचर'ला प्या हा सल्ला युरोपातल्या दगडी थंड घरांसाठी होता, इथल्या उन्हाळ्यासाठी नाही. उघडायच्या आधी तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. बाटली बिघडलेली नव्हती. बाकी शहाणपण नंतर येणारे शिकवतीलच.

कोरडवाहू

खडूसशी सहमत, पण नुसती गार करून प्रश्न सुटणार नाही कारण धागाकर्त्याने जे विचारलंय ते जास्त मूलभूत आहे.

साखर घालतात का, तर नाही. ऑस्ट्रेलियात वाइनच्या रसात साखर घालायला कायद्यानेच बंदी आहे. फ्रान्सच्या थंड भागात ज्या वर्षी द्राक्ष नीट पिकत नाही तेव्हा अल्कोहोल वाढावं म्हणून घालतात, इथे गंमत उलटी आहे, ऊन इतकं की साखर आपोआपच भरपूर होते आणि आंबटपणा कमी पडतो, म्हणून इथे टार्टारिक अ‍ॅसिड घालायला परवानगी आहे आणि उष्ण भागात ते सर्रास घालतात. आता हिशोब बघा, साडेचौदा टक्के अल्कोहोल व्हायला लिटरभर रसात साधारण २४०-२५० ग्रॅम साखर लागते. ती सगळी यीस्ट खाऊन टाकतं, म्हणजे चांगल्या बाटलीत साखर जवळजवळ शून्य. तरी गोड का लागते? कारण अल्कोहोललाच स्वतःचा एक गोडसरपणा असतो, पूर्ण पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू तो गोड म्हणूनच नोंदवतो आणि त्यात नव्या ओकच्या पिंपातला व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास भर घालतो. (स्वस्त ब्रँडवाले मुद्दाम काही ग्रॅम साखर ठेवतात ही वेगळी गोष्ट, तिथे तुमची जीभ बरोबरच असते.)

फुल बॉडी म्हणजे तोंडात जाणवणारं वजन. त्यात अल्कोहोल आलं, सालीतून उतरलेलं टॅनिन आलं, ग्लिसरॉल आलं, आणि फळाचा अर्क. पिनोची साल पातळ, शिराझची जाड आणि गडद. जीभ कोरडी पडली ते टॅनिन. आपल्या भाषेत सांगायचं तर जांभूळ खाल्ल्यावर जसं आधी गोड, मग तुरट आणि शेवटी जीभ निळी, तसाच हा क्रम आहे, आणि कुणी जांभळाला नावं ठेवत नाही.

आता आवडतं काय. वजन सगळ्याच जड वाइनना असतं, नुसत्या वजनाचं कौतुक नाही. चांगल्या बॅरोसात ते वजन मऊ असतं. टॅनिन भरपूर पण टोचत नाही, बारीक पुडीसारखं जिभेवर पसरतं, आणि घोट गिळल्यावर काळं प्लम, ज्येष्ठमध, डार्क चॉकलेट, थोडं मटणाच्या रसासारखं खारट असं काहीतरी बराच वेळ रेंगाळत राहतं. ते रेंगाळणं बघा पुढच्या वेळी. घोट गिळा आणि गप्प बसा. नुसता जॅम येऊन संपला तर वाइन साधी. जॅम जाऊन खाली अजून दोनतीन गोष्टी उरल्या तर पैसे वसूल.

आणि हा मऊपणा बऱ्याचदा जुन्या वेलींमुळे येतो. बॅरोसा अ‍ॅडलेडच्या ईशान्येला तासाभरावर आहे, १८४० च्या दशकात सायलेशियातून आलेल्या जर्मन लुथरन लोकांनी तिथे वेली लावल्या आणि त्यातल्या काही अजून फळ देतात. लँगमाइल वाइनरीकडे १८४३ साली लावलेली शिराझची बाग आहे, टर्की फ्लॅट वाइनरीकडे १८४७ ची. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने बागा साफ केल्या, व्हिक्टोरियातही १८७७ साली जिलाँगला ती सापडली, पण साउथ ऑस्ट्रेलियात ती आजवर शिरलेली नाही. म्हणून तिथे जुन्या वेली अजून, कलम न करता, स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. तिकडे फिरायला गेलात तर बागेत पाय ठेवू नका असे बोर्ड दिसतील ते त्याचसाठी, बुटाला चिकटून कीड येते. बॅरोसात २००९ पासून जुन्या वेलींची अधिकृत वर्गवारीच केलीय, ३५ वर्षांच्या पुढे ओल्ड, ७० च्या पुढे सर्व्हायव्हर, १०० च्या पुढे सेंटेनेरियन आणि १२५ च्या पुढे अ‍ॅन्सेस्टर. अशा वेलीला घोस कमी लागतात, मणी छोटे, सालीचं प्रमाण जास्त.

आणि हे सगळं १९८० च्या दशकात जवळजवळ संपलं होतं बरं का. शिराझला कुणी विचारत नव्हतं, सगळ्यांना व्हाइट हवी होती, सरकारने वेली उपटायला शेतकऱ्यांना पैसे दिले आणि शंभर शंभर वर्षांच्या बागा ट्रॅक्टरने उपटल्या गेल्या. त्याच्या थोडं आधी, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, पीटर लेहमन नावाच्या वाइनमेकरला त्याच्या कंपनीने सांगितलं की यंदा शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेऊ नकोस, तर या माणसाने स्वतः पैसे उभे करून ती द्राक्षं घेतली, का तर शेतकऱ्यांना शब्द दिलेला. आज जी जुनी बॅरोसा शिल्लक आहे त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

अर्धा ग्लास

कोरडवाहू, प्रतिसाद मस्त, पण मी धागाकर्त्याच्या बाजूने. सगळं जड ते चांगलं असं नाहीच. नव्वदच्या दशकात आणि नंतरची काही वर्षं अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्करने बॅरोसाच्या दणकट वाइन्सना भरमसाट मार्क दिले आणि मग सुरू झाली स्पर्धा, द्राक्षं वेलीवर मनुके होईपर्यंत ठेवायची, १५.५, १६ टक्के अल्कोहोल, वर २०० टक्के नवीन ओक (हो, एका नव्या पिंपातून काढून परत दुसऱ्या नव्या पिंपात). पहिला घोट वाव, दुसरा घोट ठीक, तिसऱ्याला बाटली कुणाच्या गळ्यात मारू असं होतं. टेस्टिंगला जिंकणारी वाइन आणि जेवायला बसल्यावर संपणारी वाइन यात फरक असतो. सुदैवाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बऱ्याच लोकांनी लवकर तोडणी सुरू केलीय, अमेरिकन ओकऐवजी फ्रेंच, मोठी जुनी पिंपं, त्यामुळे आजची बॅरोसा आधीपेक्षा खूप सुटसुटीत आहे.

आणि पोर्टवरून आठवलं. वहिनींना सांगा त्या एकट्या नाहीत. पेनफोल्ड्स कंपनीचा वाइनमेकर मॅक्स शूबर्टने १९५० च्या सुमारास फ्रान्सचं बोर्दो बघून येऊन दीर्घकाळ टिकणारी ऑस्ट्रेलियन रेड करायचं ठरवलं, कॅबरने (तिथली रेडची द्राक्षाची जात) पुरेशी मिळेना म्हणून शिराझ घेतली आणि १९५१ साली प्रयोग म्हणून ग्रेंज नावाची वाइन पहिल्यांदा बनवली. काही वर्षांनी सिडनीला मोठ्या लोकांसमोर ठेवली तर कुणी म्हणालं ही तर कोरडी पोर्ट, शहाणा माणूस विकत घेणार नाही, कुणाला त्यात चिरडलेल्या मुंग्यांची चव लागली. १९५७ मध्ये कंपनीने बंद करायचा हुकूम काढला. पठ्ठ्याने ५७, ५८, ५९ तिन्ही वर्षं मॅगिलच्या तळघरात गुपचूप बनवली, फक्त नवीन पिंपांना पैसे मागता येईनात म्हणून त्या वर्षांना नवा ओक जवळजवळ नाही. मग जुन्या बाटल्या बसून बसून सुधारल्या, डायरेक्टर लोकांनी त्या परत चाखल्या आणि १९६० च्या तोडणीपासून उघडपणे परवानगी मिळाली. म्हणजे मुद्दा काय, या वाइनला वेळ दिला नाही तर ती तुम्हाला वाटली तशीच वाटते, तज्ज्ञांनाही वाटली होती.

कोरडवाहू

अर्धा ग्लास, पार्करचं बरोबर, पण अल्कोहोलचा आकडा बघून वाइन जोखणं मला पटत नाही. १५ टक्क्याची नीट तोललेली बाटली मी प्यायलोय आणि १३.५ ची चटका देणारीही प्यायलोय. फळ आणि आंबटपणा भरपूर असेल तर अल्कोहोल त्यात लपतं. आकडा बघायचाच असेल तर दुसऱ्या कारणासाठी बघा, खाली लिहितो.

धागाकर्त्याच्या लेबलवरचे ८.६ स्टँडर्ड ड्रिंक्स. इथे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे त्या बाटलीत ८६ ग्रॅम आहे. १५० मिलीचा एक ग्लास हा १.७ ड्रिंक होतो, एक नाही. मोठ्या पोटाच्या ग्लासात तर सहज २०० मिली ओतलं जातं आणि कळतही नाही. फुल लायसन्सवाल्याला रक्तातल्या अल्कोहोलची ०.०५ ची मर्यादा आहे, बार्बेक्यूहून गाडी कुणी चालवायची ते आधीच ठरवून घ्या.

मेलबर्नातला मी

वा, एवढे प्रतिसाद, धन्यवाद मंडळी! मुंग्यांचं वाचून बायको खूश झालीय.

अजून एक शंका. गेल्या आठवड्यात एका बीवायओ (आपली बाटली आपण न्यायची) रेस्टॉरंटला गेलो होतो तिथे मित्राने कूनावाराची कॅबरने आणली होती. ती पण जडच होती पण गोड अजिबात नव्हती आणि वास चक्क विक्सचा! म्हणजे निलगिरी, पुदिना असलं काहीतरी. मला तर ती बॅरोसापेक्षा आवडली. हा वास खरंच वाइनमध्ये असतो की माझ्या नाकाचा प्रॉब्लेम?

वेलांटी

नाक एकदम उत्तम आहे तुमचं, जपा. तो वास निलगिरीचाच आहे, आणि अगदी शब्दशः. बागेच्या कडेला यूकॅलिप्टसची झाडं असतात, त्यांच्या पानातलं सिनिओल नावाचं वासाचं द्रव्य हवेतून द्राक्षाच्या सालीवर बसतं, शिवाय मशीनने तोडणी करताना पानं, सालपटं द्राक्षांबरोबर टाकीत जातात. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने यावर काम केलंय, झाडांच्या जवळच्या ओळींतल्या वाइनमध्ये ते सगळ्यात जास्त सापडतं आणि जसजसं लांब जावं तसं कमी. रेडमध्येच का जास्त, तर रेडचा रस सालीसकट आंबवतात म्हणून. काही लोकांना हा दोष वाटतो, मला तरी बुवा आवडतो, हीच तर या देशाची ओळख.

त्याच इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये शिराझमधल्या काळ्या मिरीच्या वासामागचं द्रव्यही शोधून काढलं, रोटंडोन. मिरीत असतं तेच. ते थंड भागात जास्त होतं, म्हणून तुम्हाला पिनो आवडते म्हणता तर मी म्हणेन बॅरोसावरून सुरुवात करायचीच नाही. व्हिक्टोरियात राहताय ना, मग ग्रँपियन्सची शिराझ घ्या. रंग गडद, वजन बऱ्यापैकी, पण मिरी अशी की शिंक येईल. त्यानंतर हीथकोट, तिथली लाल माती कँब्रियन काळातली, वाइन त्याहून भरीव. मग ईडन व्हॅली, ही बॅरोसाच्या शेजारची पण चारपाचशे मीटर उंचीवरची, त्यामुळे थंड. हेन्श्के वाइनरीची हिल ऑफ ग्रेस ही शिराझ तिथलीच, १८६० च्या आसपासच्या वेली, ती आपल्या खिशाला नाही पण त्याच भागातल्या इतर बाटल्या परवडतात. आणि मग शेवटी बॅरोसा व्हॅली. या क्रमाने गेलात तर ती जड नाही वाटणार.

लेबलवर नुसतं 'बॅरोसा' असेल तर त्यात व्हॅली आणि ईडन दोन्हीकडची द्राक्षं असू शकतात, 'बॅरोसा व्हॅली' लिहिलं असेल तर ती खालच्या उष्ण भागातली. आणि 'साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया' लिहिलेली बाटली दिसली तर समजा की न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, टास्मानिया, वर क्वीन्सलंड आणि साउथ ऑस्ट्रेलियाचा काही भाग, यातल्या कुठल्याही कोपऱ्यातली द्राक्षं चालतात. वाईट असतेच असं नाही, पण तिच्यात एखाद्या जागेची चव शोधायला जाऊ नका. जातीचं नाव, भागाचं नाव, साल, यातलं जे लिहिलंय ते किमान ८५ टक्के असावं लागतं.

मी एका सीझनला बॅरोसात एका छोट्या वाइनरीत तोडणीच्या वेळी काम केलंय, तेव्हाचं एक सांगते. फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या सिमेंटच्या हौदात द्राक्षं आंबत असतात, साली सगळ्या वर तरंगून त्यांचा जाड थर होतो, त्याला कॅप म्हणतात. ती दिवसातून दोनतीनदा रसात बुडवावी लागते नाहीतर रंग आणि टॅनिन खाली उतरत नाही. सकाळी गारठ्यात हौदाजवळ गेलं की कॅपमधून गरम वाफ येते, हात घातला तर वरचं कोमट आणि आत चांगलंच गरम, आणि वास म्हणाल तर ब्रेड, प्लम आणि कार्बन डायऑक्साइडने नाकाला झोंबणारं काहीतरी, तिथे वाकून जास्त वेळ थांबायचं नाही अशी सक्त ताकीद. द्राक्षाची बी चावून बघायला शिकवतात, हिरवी आणि कडू असेल तर थांबा, तपकिरी आणि कुरकुरीत झाली की तोडा. नखांतला जांभळा रंग सीझन संपला तरी जात नाही. हे केल्यापासून ग्लासातला काळा रंग बघून मला भीती नाही वाटत, तो किती कष्टाने उतरवलेला असतो ते कळलं.

खडूस

खाण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी. अशी वाइन नुसती पिऊ नका. टॅनिनला प्रोटीन आणि चरबी लागते. बार्बेक्यूवरचा लँब चॉप, कडेला चरबी जळून कुरकुरीत झालेली, वर फक्त मीठ आणि रोझमेरी, त्याच्याबरोबर एक घोट घ्या आणि मग सांगा जीभ कोरडी पडते का. रिब आय, लँब शँक, जुनं चेडर, मशरूम, अगदी फूटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) मॅचला मिळणारा मीट पायसुद्धा चालतो.

तिखटापासून मात्र लांब. लोक हौसेने झणझणीत मटणाबरोबर शिराझ उघडतात आणि मग घाम पुसत बसतात. अल्कोहोल आणि मिरची एकमेकांना भडकवतात, टॅनिन त्यात तेल ओततं. मसाला असू द्या, तिखट नको. तिखटच हवं असेल तर मॅक्लारेन व्हेलची ग्रनाश (रेडचीच दुसरी जात) घ्या, टॅनिन कमी, फळ जास्त, थोडी गार करून छान लागते. मासे बिसे विसरा.

मेलबर्नातला मी

खडूस साहेब, लँब चॉपचं या वीकेंडला नक्की. अजून तीन बारीक प्रश्न, मग त्रास देत नाही. डिकँटर घ्यावा का? फिरकीच्या झाकणाची बाटली ठेवून मुरते का, का ते फक्त स्वस्त वाइनसाठी असतं? आणि कूनावारा आवडली तर त्यात पुढे काय?

अर्धा ग्लास

डिकँटर: तरुण जड वाइनला उपयोग होतो. तासभर आधी ओतून ठेवा, अल्कोहोलचा पहिला भपका आणि बाटलीत कोंडलेला वास निघून जातो. काचेचं महागडं भांडं कशाला, पाण्याचा जग चालतो, त्यात धडाधड ओता. जुन्या बाटलीचं तंत्र मात्र वेगळं. ती आदल्या दिवशी उभी करून ठेवायची म्हणजे गाळ तळाला बसतो, मग हळूहळू ओतायची, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरायचा, काळा धागा खांद्याशी येताना दिसला की थांबायचं. आणि ओतल्यावर तासभर थांबत बसायचं नाही, फार जुनी वाइन लगेच कोमेजते.

झाकण: हा गैरसमज अजून जात नाही. क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंगवाल्यांनी (ही एक व्हाइट वाइन) २००० साली एकत्र येऊन बुच सोडलं कारण बुचामुळे ओल्या पुठ्ठ्याचा वास लागून चांगल्या बाटल्या फुकट जात होत्या. त्यानंतर सगळीकडे पसरलं, आता इथे फार चांगल्या रेडही फिरकीच्या झाकणात येतात आणि उत्तम मुरतात, फक्त जरा सावकाश. मुरल्यावर जॅम मागे जातो आणि चामडं, तंबाखू, अंजीर, ओली माती असं काय काय पुढे येतं. पण सगळ्या बाटल्या ठेवायच्या लायकीच्या नसतात, रोजच्या पंधरा-वीस डॉलरवाल्या तीनचार वर्षांत संपवा. तुमची २०२१ ची होती, ते साल बॅरोसात फार छान गेलं, त्यामुळे तीच दुसरी मिळाली तर एक बाजूला टाका. २०११ दिसली तर जपून, त्या वर्षी पावसाने वाट लावली होती.

आणि ठेवायची म्हणजे गॅरेजमध्ये नाही! चाळीस डिग्रीचे दिवस लागले की गॅरेजात वाइन शिजते. १२ ते १५ डिग्री उत्तम, ते जमत नसेल तर घरातलं सगळ्यात आतलं, अंधारं कपाट. तापमान थोडं जास्त असलं तरी चालेल, वरखाली होता कामा नये.

कोरडवाहू

कूनावाराबद्दल मी. अ‍ॅडलेडपासून आग्नेयेला जवळपास ३८० किलोमीटर, आजूबाजूला सपाट मेंढरांची कुरणं आणि मधेच चुनखडीवर बसलेला तांबड्या मातीचा एक पट्टा, साधारण १५ किलोमीटर लांब आणि रुंदी एकदोन किलोमीटर. टेरा रोसा म्हणतात. जॉन रिडॉक नावाच्या माणसाने १८९० मध्ये तिथे सुरुवात केली. रस्त्याच्या एका बाजूला लाल माती आणि थोडं पुढे गेलं की काळी, आणि कूनावारा म्हणायचं कुठवर यावर लोक कोर्टात वर्षानुवर्षं भांडलेत. समुद्रावरून गार वारा येतो त्यामुळे कॅबरने सावकाश पिकते, काळा करंट, पुदिना, देवदार, आणि टॅनिन बॅरोसापेक्षा ताठ. विन्स वाइनरीची ब्लॅक लेबल कॅबरने ही १९५४ पासून निघते, ठेवून मुरवायला परवडणाऱ्या भावात त्याच्या तोडीचं फार थोडं आहे, सेलवर असेल तर सहा घ्या आणि दर दोनतीन वर्षांनी एक उघडत जा. दुसरं टोक वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, मार्गारेट रिव्हर. १९६७ साली टॉम कलिटी नावाच्या डॉक्टरने व्हास फेलिक्सची पहिली वेल लावली, म्हणजे बॅरोसाच्या मानाने कालपरवाची गोष्ट, आणि आज तिथली कॅबरने देशात पहिल्या रांगेत. निलगिरी कमी, तमालपत्रासारखा हिरवट वास थोडा, फार डौलदार.

आणि शिराझ आवडत नाही, कॅबरने आवडते, तर दोन्हीचं मिश्रण प्या ना. कॅबरनेचा सुरुवातीचा आणि शेवटचा भाग चांगला असतो पण मधे पोकळी वाटते, शिराझ नेमकी तिथे भरते. युरोपातले शिष्ट लोक असली जोडी सहसा लावत नाहीत, इथे ती पिढ्यान्पिढ्या चालत आलीय. पेनफोल्ड्सची बिन ३८९ हीच जोडी, १९६० पासून, आणि ती ग्रेंजच्या रिकाम्या झालेल्या पिंपात मुरते म्हणून लोक तिला बेबी ग्रेंज म्हणतात आणि कंपनी त्या नावाचे पैसेही लावते. त्याच धर्तीच्या वीसपंचवीस डॉलरच्या बाटल्या कुठल्याही बॉटल शॉपमध्ये भरपूर. लेबलवर जे नाव आधी लिहिलंय ते जास्त प्रमाणात असतं, तुमच्यासाठी कॅबरने शिराझ, शिराझ कॅबरने नको.

खडूस

+१, तमालपत्र सोडून. मला कधीच आलेलं नाही.

वेलांटी

खडूसकाका, तुम्ही अठ्ठावीस डिग्रीवाल्यांना हसता आणि स्वतः वाइन फ्रीजमधून काढून थेट ओतता, मग वास कुठून येणार :)

जाता जाता, अजून कुणी स्पार्कलिंग शिराझचा विषय काढला नाही याचं नवल वाटलं. हो, लाल, फेसाळ, आणि चांगलीच भरीव. बाहेरच्या लोकांना हा चेष्टेचा विषय वाटतो. व्हिक्टोरियात ग्रेट वेस्टर्नला सेपेल्ट वाइनरीची जुनी भुयारं आहेत, सोन्याच्या खाणीत काम केलेल्या लोकांनी खोदलेली, तिथे ही वर्षानुवर्षं मुरत ठेवायचे. ख्रिसमसच्या दुपारी इथल्या बऱ्याच घरांत टर्की आणि हॅमबरोबर हीच उघडतात, कारण बाहेर पस्तीस डिग्री असताना साधी शिराझ कोण पिणार. थोडी साखर यात मुद्दाम ठेवलेली असते, टॅनिन आणि बुडबुडे एकत्र आले की तोंडात फार करकरीत होतं, ते मऊ करायला. वहिनींना पोर्टची आठवण आली ना, त्यांना ही द्या, मला वाटतं जमेल. हिला मात्र तास-दीड तास फ्रीज पुरणार नाही, चांगले तीनचार तास ठेवा, आणि उघडताना पांढऱ्या भिंतीपासून लांब उभे राहा. भाड्याचं घर असेल तर बाहेर अंगणातच उघडा.